छत्तीसचे नापास बोल्ट

एका माणसाची नजर मी हिरावून घेतली. हे आजवर मी कोणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिला मी बहुतेक सगळं सांगतो, कारण तिला ते आधीच माहीत असतं. वाक्य जरा भारदस्त झालं, कबूल. प्रत्यक्षात तो माणूस ठणठणीत आहे. शहापूर-मुरबाड रस्त्यावर जीप चालवतो, किन्हवलीच्या अलीकडचे खड्डे न बघता चुकवतो, आणि मी दिसलो की पुढच्या सीटवरच्या कोणाला तरी मागे पाठवून मला तिथे बसवतो. आणि मी बसतो. गियरच्या दांड्याला गुडघा लागणार नाही अशा बेताने, अंग चोरून.

त्याचं नाव बाळाराम. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका बोल्टच्या कारखान्यात होतो. तो भट्टीवर, मी तपासणीच्या खोलीत. तो बोल्ट तापवून, तेलात बुडवून त्यांच्यात ताकद आणायचा. मी त्यातले एक-दोन मशीनवर ओढून तोडायचो आणि ताकद खरंच आली का ते कागदावर लिहायचो. मी अजून तिथेच आहे.

बाळाराम फुशारक्या मारायचा. भट्टीवर उष्णता दाखवणारा मीटर होता, पण त्याच्या मते मीटर हा नवशिक्यांसाठी. मी लोखंडाचा रंग बघून सांगतो, असं तो टपरीवर, गेटवर, डबा खाताना, न विचारता सांगायचा. गावात लोकांच्या कोयत्यांना पाणी द्यायचा, म्हणजे पातं तापवून, विझवून धार टिकेल असं कडक करायचा, आणि आपल्या कोयत्याला दगड घाबरतो असं स्वतःच म्हणायचा. मला फुशारकी सोसत नाही. चार पुस्तकं वाचलेला माणूस मी. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याची हवा काढणं हा माझा छंद होता. छंद कसला — मी त्याला सद्गुण समजत होतो. खरी गोष्ट कदाचित एवढीच आहे. की हे सांगून मी पुढचं टाळतोय?

तर बोल्ट. बोल्ट किती टनांवर तुटला त्याला क्षेत्रफळाने भागलं की ताकद निघते. पण कुठलं क्षेत्रफळ? बोल्ट तुटतो आट्यांमध्ये, कारण तिथे तो बारीक असतो. म्हणून पूर्ण व्यासातून एका पीचपेक्षा — दोन आट्यांमधल्या अंतरापेक्षा — किंचित कमी वजा करायचं, आणि उरेल त्या व्यासाचं वर्तुळ धरायचं. हे रोज कोणी करत बसत नाही. भिंतीवर तक्ता असतो. आमचा तक्ता तीस मिलिमीटरला संपत होता. आणि त्या वर्षी क्रेन बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाची ऑर्डर आली, छत्तीसच्या बोल्टांची.

तक्त्यात नाही म्हटल्यावर मी स्वतः काढलं. मोठ्या ऐटीत. छत्तीसचं अख्खं वर्तुळ, एक हजार अठरा चौरस मिलिमीटर. आटे विसरलो. खरं उत्तर आठशे सतरा. बारीक माणसाला जाड्याच्या मापाचा सदरा घालून तो खंगलाय म्हणावं, तसा हा हिशेब.

बोल्ट एकाहत्तर टनांवर तुटला. मी भागाकार केला. ताकद हवी त्यापेक्षा बरीच कमी आली. तिथे थांबायला नको होतं? एकदा पुन्हा बघायला काय जात होतं? पण मला ते उत्तर आवडलं. आवडलेलं उत्तर कोण तपासतो?

मी कागद घेऊन भट्टीपाशी गेलो. खोलीत बोलावता आलं असतं त्याला; मी मुद्दाम भट्टीपाशी गेलो, सगळे होते तिथे. मालकही होते. अख्खा लॉट नापास, माल कच्चा राहिलाय, असं सांगितलं. बाळाराम कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाला, "कडकपणा तर बरोबर आलाय ना, सायेब? तुमीच मोजलात."

बरोबर आला होता. मीच मोजला होता. आणि मी म्हणालो, "वरून कडक आहे, आतून कच्चा. तुझ्यासारखाच."

सगळे हसले. मालक हसले. मीही. तो भट्टीच्या दाराकडे बघत राहिला, जणू तिथे काहीतरी विसरलंय.

त्याला पॅकिंगला टाकलं. थोड्याच दिवसांत तो सोडून गेला. भट्टीवर मीटर बघणारा नवा माणूस आला, नवं स्टील आलं, नवा लॉट झाला. मी बोल्ट लावला, मशीन चालू केलं — काटा पुन्हा एकाहत्तरवर. तेव्हा पहिल्यांदा मी तुटलेला तुकडा हातात घेऊन नीट पाहिला. आट्यांमध्ये तुटला होता. खाचेतून अंगठा फिरवला आणि कळलं.

मी काय केलं? दुसऱ्या लॉटच्या कागदावर आठशे सतरा लिहिलं. लॉट पास. नव्या माणसाचं कौतुक झालं. आधीच्या कागदाबद्दल कोणी विचारलं नाही, आणि मी — मी कशाला काढतोय? नोकरी गेली नसती. मालक दोन दिवस ओरडले असते. फार तर लोक मला हसले असते. तेवढंच, बाकी काही नाही.

मागच्या महिन्यात जीपमध्ये सरळगावला एक म्हातारी चढली. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला कोयता. "बाळाराम, याला पाणी दे रे. बाजारातला देतो, ता चार दिस नाय टिकत."

"नाय गो मावशी," तो म्हणाला. "आमी सोडलं ता. माझ्या डोळ्यांला रंग नाय समजत." मग मान माझ्याकडे वळवून, जुन्या, टपरीवरच्या आवाजात, अख्ख्या जीपला ऐकू जाईल असं: "या सायबांना इचार. माझं कच्चं बोल्ट यांनीच पकडलं. नायतर कुणाच्या डोक्यावर क्रेन पडली असती."

फुशारकीच होती ती. आता माझ्या नावाने मारत होता. म्हातारीने माझ्याकडे आदराने पाहिलं. एका वाक्याचं काम होतं — तुझा रंग बरोबर होता, बाळाराम. किन्हवली येईपर्यंत मी बाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

एक राहिलं. पहिल्या लॉटचे नापास बोल्ट मालकांना भंगारात घालवेनात. दुसरा लॉट पास झाल्यावर त्यांनी मला विचारलं, आपल्या यार्डातल्या क्रेनला हे चालतील का. मी म्हणालो, चालतील.

क्रेन त्यांच्यावरच उभी आहे. दर वर्षी पाना लावून मीच ते तपासतो. अजून एकही ढिला झालेला नाही.