बधिर पायाचं माप

चपलावाल्या मावशींनी पोस्टमनचा उजवा पाय उचलून सरळ मांडीवर घेतला, तेव्हा त्याने त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. धर्मादाय दवाखान्याच्या त्या मागच्या खोलीत रबराचा वास भरला होता. वर्षभर औषध घेऊन त्याचा कुष्ठरोग बरा झाला होता, पण तळपाय बधिर तो बधिरच राहिला. त्या वर्षात घरातल्यांनीही त्याच्या पायाला हात लावला नव्हता. त्याने पाय मागे ओढला.

"लाजताय काय नव्या नवरीसारखे?" मावशी म्हणाल्या आणि पायाभोवती पेन्सिल फिरवू लागल्या.

मऊ रबराच्या, बिनखिळ्याच्या चपला तयार झाल्या.

"सैल आहेत हो. पायात काही असल्यासारखं वाटतच नाही."

"तुम्हाला वाटणार कसं? माप माझ्यावर सोडा."

त्याने सोडलं नाही. बधिर पायाला चप्पल आवळल्यावरच जाणवते. म्हणून इथे येणारा प्रत्येक जण हीच चूक करतो. त्याने पट्टे दोन भोकं आवळले. तिसऱ्या दिवशी अंगठ्यापाशी मोठा फोड आला आणि त्याला पत्ताही नव्हता. तीन आठवडे पाय उशीवर.

"तुमची पत्रं वाटायला मी येते का? मग माझ्या कामात नाक कशाला खुपसता?" मावशी कडाडल्या.

तिकडे टपाल कचेरीतले साहेब त्याची वाट पाहून कंटाळले होते. सोमवारी पूर्ण फेरी चालून दाखवा, नाहीतर कायमचं मागच्या खोलीत शिक्के मारत बसा, असा त्यांचा निरोप आला. सोमवारी पट्टे मावशींच्या मापावर ठेवून पोस्टमन निघाला, आणि त्याच्याबरोबर मावशीही कचेरीत हजर झाल्या.

साहेब चार हात लांबूनच म्हणाले, "अहो, पण हा आजार..."

"आजार गेला, साहेब. आता यांच्यापासून कुणाला काही लागत नाही. उरलाय तो बधिर पाय, आणि तो माझ्याकडे आहे."

दोघं निघाले. दर अर्ध्या तासाने मावशी त्याला दिसेल त्या पायरीवर बसवत, चप्पल काढत आणि तळव्याला हाताची मागची बाजू लावत. जिथे गरम लागेल तिथे चप्पल दाबतेय, हा त्यांचा हिशेब. भर रस्त्यात, लोक बघत असताना.

एका पायरीवर दुकानदाराने विचारलंच, "मावशी, हात लावता? भीती नाही वाटत?"

"एकोणीस वर्षं लावतेय. बघा, काय झालंय हाताला?" त्यांनी आपला निबर पंजा त्याच्या नाकासमोर धरला.

दुकानदार ओशाळला. आजाराचं कळल्यापासून पोस्टमनला तो 'ठेवा तिथेच' म्हणायचा. आज त्याने हात पुढे करून पत्र घेतलं. पोस्टमनची मान ताठ झाली. मावशींची तर होतीच.

शेवटच्या घरापाशी तळवा गार लागला. साहेबांनी फेरी त्याच्या नावावर लिहून दिली.

मावशी आता बासष्ट वर्षांच्या आहेत. हाताखाली दोघी शिकताहेत, पण प्रत्येक पायाचं पहिलं माप मावशी अजून स्वतःच घेतात.