माठातला पाय

जायच्या आदल्या दिवशी मायनं डोळे उघडले आणि विचारलं, "माठातलं पानी बदललं काय रे?" मी "हो" म्हणालो. तिनं माझ्या उजव्या पायाकडं पाहिलं, पुन्हा डोळे मिटले… ते बोलणं शेवटचं. महिना उलटला. रिठदच्या आमच्या घरातला तो माठ अजून जागचा हललेला नाही.

लहानपणी तापात माझा तो पाय लुळा पडला होता. वाशीमचे कापसाचे व्यापारी करीमचाचा आमच्याकडं घरच्यासारखे येत. त्यांनीच सांगितलं, मुंबईला वांद्र्याच्या टेकडीवर मेरीमाउलीचं देऊळ आहे. आहे ख्रिस्ती लोकांचं, पण सगळ्या धर्मांचे लोक तिथं नवस बोलतात आणि बरा झालेला अवयव मेणाचा घेऊन वाहतात. मायनं चुलीपुढं बसूनच नवस बोलला. पुढं मी भिंत धरून चालू लागलो, आणि भाद्रपदात, तिथल्या जत्रेला, आम्ही आगगाडीनं मुंबई गाठली. पायऱ्यांवर एका कोळणीनं मायला सांगितलं, की फार पूर्वी शत्रूनं हे देऊळ मोडलं, मूर्ती समुद्रात गेली, आणि कोळ्यांच्या जाळ्यात पुन्हा सापडली. मायच्या मनात ती गोष्ट घर करून बसली. "तिले बी पान्यात राहा लागलं, बाप्पा," असं ती पुढं कितीदा तरी म्हणायची.

मेणाचा पाय तिनं माउलीपुढं टेकवला… आणि पदरात बांधून घरी आणला! आमच्याकडं देवापुढं फोडलेल्या नारळाची वाटी घरी येतेच की. तो देवघरात ठेवून ती रोज हळदकुंकू वाहायची. उन्हाळ्यात मेण मऊ पडलं, पाय घोट्यात वाकला. तिनं घाबरून अंगठ्यानं दाबून तो सरळ केला. त्याच आठवड्यात करीमचाचा आले. "भाबी, हा घरी काहून आनला? तिथंच ठेवा लागते. मंग ते लोक त्याच्या मेनबत्त्या करतात." मायचा चेहरा खर्रकन उतरला. तेव्हापासून तो पाय, पुन्हा मऊ पडून वाकू नये म्हणून, पाण्याच्या माठात राहिला.

नवस फिटला नाही, आता माउली माझा पाय परत घेईल, ही धास्ती तिनं जन्मभर बाळगली. मी ठेचाळलो की ती आधी माठात बघायची, मग माझ्याकडं. मोठा झालो तरी मला केनवडच्या बाजाराला एकटं सोडत नसे. याचा मला फार राग यायचा. एकदा मी वैतागून म्हणालो, "माय, चाल, मुंबईले देऊन येऊ."

"कोन्त्या तोंडानं जाऊ? दिलेलं वापस काहून नेलं म्हनून तिनं इचारलं, तं?"

परवा मीच निघायचं ठरवलं. तिच्या वतीनं पाय वाहायचा आणि हे ओझं उतरवायचं. फडक्यात गुंडाळायच्या आधी पुसायला घेतला, तर घोट्याजवळ तिच्या अंगठ्याचा ठसा, रेषा न् रेषा जशीच्या तशी. मायचा फोटो आमच्यापाशी एकही नाही… तिथं दिला की हे वितळणार.

पाय मी पुन्हा माठात ठेवला आणि ताजं पाणी आणायला घागर उचलली. उंबऱ्याला ठेच लागली. मी आधी वळून माठात पाहिलं.