डबा लहान-मोठा करून बघ

हे लिहायचं मी आजवर टाळलं. निवृत्तीच्या भाषणात टाळलं, मुलांना गावच्या गोष्टी सांगतानाही टाळलं. अहमदपूरला राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनी आता तरी वाचावं.

जर्मनीला निघालो तेव्हा एसटी स्टँडवर वडील एवढंच म्हणाले, "लिहीत जा." कॉलेजातला माझा मित्र मन्मथही सोडायला आला होता; तो आमच्याच कॉलेजात शिकवायला लागला होता. त्यानं हातात मण्यांची माळ ठेवली. अर्धी लाल, अर्धी पांढरी. पॉलिमरची, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थातल्या लांबलचक रेणूची, साखळी पोरांना कळावी म्हणून ओवलेली. "लाल-पांढऱ्याचं पटत न्हाई, पण दोरा सोडू देत न्हाई. आपल्या दोघांवानी," म्हणाला आणि हसला.

तिकडे मी अशाच साखळ्या कॉम्प्युटरवर मांडत होतो. न पटणारे मणी आपसूक वेगळे होतात आणि केसाहून कितीतरी बारीक पट्टे पडतात. सगळा पदार्थ कॉम्प्युटरात मावत नाही, म्हणून एक इवलासा काल्पनिक डबा घ्यायचा. एका भिंतीतून बाहेर गेलेला मणी समोरच्या भिंतीतून आत येतो. माझे पट्टे अपेक्षेपेक्षा रुंद निघाले. नवा शोध म्हणून मी निबंध छापला आणि दिमाखात एक प्रत मन्मथला पाठवली.

त्याचं पत्र आलं. "खोलीत बसावी म्हणून सतरंजी दुमडलास, अन् सतरंजीच एवढी हाय म्हणून सांगून राहिलास व्हय? हे माप डब्याचं हाय, पॉलिमरचं न्हाई. डबा लहान-मोठा करून बघ."

करून बघितलं. डब्यागणिक पट्टे बदलले. मन्मथ बरोबर होता.

माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. चूक दुरुस्त करणारा दुसरा निबंध मी लिहिला, त्यात 'पुढील तपासात माझ्या लक्षात आले' असं घातलं. आभारात ऑफिसातल्या टायपिस्टबाईंचं नाव होतं, मन्मथचं नव्हतं. लोकांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. नोकरी कायम झाली. मन्मथच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

पुष्कळ वर्षांनी गावी आलो. "आलास का रे, जर्मन?" म्हणत तोच स्टँडवर घ्यायला आला. मला वर्गावर नेलं आणि पोरांना म्हणाला, "डब्याचं माप पॉलिमरचं समजलं, ही चूक या सरांनी स्वतः धरली. स्वतः जगापुढं कबूल केली." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मान डोलावली.

निघताना मन्मथच्या बायकोनं, वहिनींनी, धपाटे बांधून दिले. गाडी लागली, मी खिडकीशी बसलो. खाली उभ्या मन्मथनं हळूच विचारलं, "माझं ते पत्र मिळालं होतं का रे?"

"कोणतं?" मी म्हणालो.

"असू दे. टपालाचं काय खरं हाय," म्हणाला आणि खिडकीच्या गजावरचा माझा हात थोपटला.

यंदा मन्मथ गेला. ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे, माळेशेजारी. डब्यातला मणी बाहेर पडला की लगेच परत आत येतो. मला तसं जमलं नाही. घर म्हटलं की आता ना अंगण आठवतं, ना ओसरी. एसटीची ती खिडकी आठवते, आणि तिथून म्हणायचं राहिलेलं एवढंच: मिळालं होतं, मन्मथ. तू बरोबर होतास. माझं चुकलं.