वॉटी लेडलॉ आणि टॉवेलांचं कपाट

हॉइक या गावात नुसत्या आडनावानं कुणाचा पत्ता लागत नाही. एकेका आडनावाची गल्लीभर घरं, म्हणून गावानं प्रत्येकाला टोपणनाव चिकटवलेलं. वॉटी लेडलॉचं नाव 'सावकाश वॉटी'. तिथं बॉयलरचं गरम पाणी भिंतीलगतच्या रेडिएटरांत खेळवून घरं ऊबदार ठेवतात; त्या हीटिंगच्या वायरिंगमधले बिघाड शोधणं हा त्याचा धंदा. थंडीनं दातावर दात वाजत असताना हा गडी हत्यारांची पेटी न उघडता स्वयंपाकघरात ठाण मांडतो, चहा घेतो आणि म्हणतो, "काय होतं ते पहिल्यापासून सांगा." लोक मनातल्या मनात चरफडतात. पण बाकीचे सगळे हात टेकून गेले की बोलावतात यालाच.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी एफी रदरफर्डनं त्याला बोलावलं. एफी ऐंशीच्या घरातली. वॉटीच्या आईबरोबर ती लोकरीच्या गिरणीत होती, म्हणून तो तिला मावशी म्हणायचा. तिचा नवरा आर्ची न्यूमोनियानं हॉस्पिटलात पडला होता. आता बरा होता, पण घर ऊबदार असल्याची खात्री पटल्याशिवाय त्याला घरी सोडणार नव्हते. ती खात्री करायला नर्स त्याच दुपारी येणार होती. घर गार निघालं तर मुलानं वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीच होती.

"एकदा का तिथं गेला की परत येत नाही रे तो," एफी म्हणाली. "आणि तू काय बसलायस चहा ढोसत?"

"ढोसतोय कुठे, ऐकतोय. नळाला गरम पाणी येतं?"

"येतं की. भाजेल इतकं."

"आणि रेडिएटर?"

"सकाळी टाकीतलं पाणी तापेपर्यंत गरम असतात. मग गार पडतात, बर्फासारखे. एक जण आला, त्यानं भिंतीवरचा थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्यानं पंप बदलला. दोघांच्या समोर मेलं शहाण्यासारखं चाललं. त्यांची पाठ फिरली की बंद!"

वॉटीनं मान डोलावली. पाणी तापतंय म्हणजे बॉयलर ठणठणीत. टाकीसाठी बॉयलर पेटलेला असला की रेडिएटरही तापतात, म्हणजे त्यांच्याकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह उघडतोय. मग राहिलं काय? 'मी उघडलोय, आता पेट' हा त्या व्हॉल्व्हचा निरोप बॉयलरपर्यंत पोचत नसावा. तो निरोप एका नारिंगी वायरीतून जातो.

जिन्याच्या वर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं. टाकी, तिच्या बाजूला व्हॉल्व्ह, त्यांच्या वायरींचा जोडडबा आणि वर लाकडी फळ्या, सगळं लख्ख पुसलेलं. वॉटीनं डब्याचं झाकण काढलं आणि मीटर लावला. नारिंगी वायरीत वीज बरोबर येत होती. खाली बॉयलर घुमत होता. रेडिएटर मस्त तापायला लागले.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. वॉटी मात्र मीटरकडे बघतच राहिला. समोर येतच नाही तो बिघाड दुरुस्त करायचा कसा? आपणही आधीच्या दोघांसारखेच हात हलवत जाणार, नर्स येणार, आणि तिच्यासमोर घर पुन्हा गार पडणार. आर्चीनं त्याला लहानपणी टेव्हियट नदीत मासे धरायला शिकवलं होतं. त्या माणसाला वृद्धाश्रमाच्या खिडकीत बसलेला बघायची वॉटीला मुळीच इच्छा नव्हती.

त्यानं मागे वळून पाहिलं. झोपायच्या खोलीच्या उघड्या दारातून पलंग दिसत होता आणि त्यावर कपड्यांचा डोंगर.

"मावशी, हे सगळं कुठलं?"

"या कपाटातलं. तू येणार म्हणून काढून ठेवलं. परका माणूस यायचा आणि त्याला कोंबलेलं कपाट दाखवायचं? माझी आई थडग्यातून उठून आली असती."

"आधीचे दोघं आले तेव्हाही काढलं होतं?"

"म्हणजे काय! आम्ही काय रानटी आहोत?"

वॉटीनं हसत डब्याचं झाकण लावलं. "परत ठेव सगळं. रोज असतं तसं."

"तुझ्यासमोर? आर्चीच्या लांब चड्ड्या आहेत त्यात!"

"मीही तसल्याच घातल्यात, मावशी. ठेव तू."

लाल होत, पुटपुटत एफीनं चादरी रचल्या, उशांचे अभ्रे रचले, त्या चड्ड्या घाईघाईनं तळाशी दडवल्या. शेवटी टॉवेलांची चळत उरली. ती फळीवर काही मावेना, तेव्हा तिनं ती खाली टाकीच्या बाजूला गुडघा लावून आत ढकलली.

खाली बॉयलर गप्प झाला.

दोघंही जागच्या जागी थांबले. मग वॉटीनं टॉवेल न हलवता डब्याचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला. चळतीनं व्हॉल्व्हची वायर मागे दाबली होती, आणि डब्यातल्या ढिल्या स्क्रूखालून नारिंगी टोक निसटलं होतं. टॉवेल काढले की ते आपसूक पुन्हा टेकायचं. त्यानं मेन बंद केला, मीटरनं वीज गेल्याची खात्री केली, टोक नव्यानं सोललं, स्क्रू आवळला, वायर भिंतीला पक्की केली आणि झाकण लावलं. वीज सुरू केल्यावर त्यानं एफीला पुन्हा सगळं भरायला लावलं, गुडघ्यासकट. बॉयलर घुमत राहिला.

एफी मात्र पायरीवर मटकन बसली. "म्हणजे मीच त्याला वृद्धाश्रमात धाडत होते म्हण. माझ्या टॉवेलांनी."

"टॉवेलांचा काय दोष? स्क्रू मुळात ढिला होता. व्हॉल्व्ह बसवला कुणी?"

एफीनं कपाटाकडे पाहिलं. "आर्चीनं," ती म्हणाली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "घरी येऊ दे म्हाताऱ्याला. चांगली खरडपट्टी काढते."

नर्स आली ती जाड कोटात, गळ्यापर्यंत बटणं लावून. थंडीनं नाक लाल झालं होतं. सकाळपासून तीन घरं झाली होती आणि एकाही घरात कोट उतरवावासा वाटला नाही, असं ती दारातच म्हणाली. ती खोल्या बघत फिरली. एफी पदर असता तर तो पिळत बसली असती. तिनं एप्रनच पिळला. वॉटी पेटी आवरायचं निमित्त करून जिन्यात रेंगाळला.

दिवाणखान्यात बसून नर्सनं विचारायला सुरुवात केली. औषधं कोण देणार, जिन्याला कठडा आहे का, रात्री उठावं लागलं तर काय. बोलता बोलता तिनं कोटाचं वरचं बटण सोडलं, मग दुसरं, मग सगळी. कोट काढून तिनं खुर्चीच्या हातावर टाकला आणि बाह्या सारल्या. आपण काय केलं हे तिच्या लक्षातही आलं नाही.

एफीनं तिचा पुढचा प्रश्न ऐकलाच नाही. ती उठली होती आणि आर्चीची खुर्ची रेडिएटरजवळ ओढत होती.