कोण कोणासाठी उठलं

लोणारच्या विवराच्या काठावर आम्ही दोघे रोजंदारीवर होतो. पुण्याच्या एक मॅडम वानरांच्या कळपाचा अभ्यास करायच्या, त्यांना आम्ही नोंदी करून द्यायचो. एक मादी बसली आहे, दुसरी आली, पहिली उठली, की लिहायचं, कोण कोणासाठी उठलं. कळपातली पायरी त्यावरूनच कळते. वानरांत म्हातारपणाला मान नसतो. तरणी आली की म्हातारी मुकाट्याने फांदी सोडते.

मला सगळी तोंडं सारखीच काळी दिसायची. माझा जोडीदार, आमच्याच गल्लीतला, नुसती पाठ बघून सांगायचा, "हे तुटक्या कानाची. आज मागं मागं सरून राह्यली, पोट दुखत असंन." मॅडम त्याच्याच शेजारी बसायच्या. चहाही आधी त्याला. मी वही धरून आतल्या आत जळायचो.

"काऊन तोंड पाडून बसला बे?" तो हसायचा. "तुले कळपाच्या धन्यानं हाणलं का?"

तेवढ्यात कळलं, पुढच्या हंगामाला एकच माणूस ठेवणार.

मॅडमचा एक नियम होता, वानरांना खायला घालायचं नाही. खाण्यावर झुंबड उडाली की पायरी मोडते आणि नोंद खोटी होते. शनिवारी मारुतीला येणाऱ्या बायाबापड्यांनाही जोडीदार हात जोडून अडवायचा. मी तीन दिवस पहाटेच जाऊन त्याच्या बसायच्या दगडाभोवती फुटाणे टाकले. तिसऱ्या दिवशी वानरं त्याच्या अंगावर चढून खिसे चाचपू लागली.

"मी नाही टाकलं, मॅडम," एवढंच तो म्हणाला. मी वहीत बघत राहिलो.

काम मला मिळालं. तोंडं मात्र तशीच, सारखी. मग रोज संध्याकाळी मोबाइलमधले फोटो घेऊन मी, काम गेल्यावर त्याने टाकलेल्या पंक्चरच्या दुकानावर जायचो. तो हात पुसून सांगायचा, कोणती कोण ते. अशी चार वर्षं. मॅडम तारीफ करायच्या तेव्हाही मी जळायचो, कारण ती तारीफ त्याचीच होती.

गेल्या महिन्यात त्याला सांगून टाकलं. तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होता.

"कोणते तीन दिवस?"

"हे काय विचारून राह्यला?"

"त्या नोंदी खोट्या हायेत बे. मॅडमले फोन लाव. माह्या समोर लाव."

लावला. फुटाण्यांचं सगळं सांगितलं. मॅडमनी तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाल्या, "आणि नंतरची चार वर्षं? त्या नोंदी तर चोख होत्या. आधी तर तुम्हाला एकही ओळखू यायची नाही. ओळखत कोण होतं?"

हे सांगायचं मी ठरवलं नव्हतं.

"तोच," मी म्हणालो.

"द्या त्याला फोन."

त्याने ओल्या हातानेच फोन घेतला. दोघे अर्धा तास बोलत होते, वानरांबद्दलच. माझं नावही निघालं नाही. मी शेजारी बसून ऐकत होतो, आणि खरं सांगतो, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.