सलीमभाईंची मिलिंग मशीन

आम्ही जुने फिटर एकत्र बसलो की किस्से सांगावे लागत नाहीत, आपोआप निघतात. त्यातले निम्मे तरी सलीमभाईंचे. ऐकून आम्ही हसतो आणि मग कोणीतरी अजून एक चहा सांगतो.

सलीमभाई ऊर्जानगरच्या वीज केंद्रात माझ्यासोबत फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी भंगारातली एक मिलिंग मशीन, म्हणजे लोखंड कोरायची मशीन, घेतली. धानाच्या गिरण्यांच्या शाफ्टला त्यावर खाचा पाडायच्या. मशीन आत घ्यायला घरामागच्या शेडची भिंत पाडावी लागली. शमीमभाभी म्हणाल्या, "मी लग्न होऊन आली तेव्हा कोणी दरवाजाबी पुसला नवता."

*

मग त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला. दवाखान्यातून आले ते थेट शेडमध्ये. या मशीनवर कटर जागच्या जागी फिरतं. शाफ्ट बांधलेलं टेबल हँडलने हळूहळू सरकवावं लागतं. डावा हात अडखळत होता. खाच बघून म्हणाले, "उंदरानं कुरतडल्यावानी दिसून राह्यलं." मशीनवर पोतं टाकलं आणि कित्येक दिवस शेडकडे फिरकले नाहीत.

*

आमचा इलेक्ट्रिशियन वासनिक. त्याने भंगार जीपच्या वायपरची मोटर आणून हँडलच्या जागी बसवली. "भाई, बटन दाबा, टेबल आपलं आपण सरकते."

टेबल सरकलं, पण उलट्या दिशेनं!

"वासनिकभाऊ, मशीन तुह्यावरच गेली," सलीमभाई म्हणाले. "डावीकडे म्हटलं का उजवीकडे."

वासनिकने दोन वायरी बदलल्या. खाच आरशासारखी निघाली. सलीमभाई तिच्यावरून बोट फिरवत रडले. वासनिकही. मी बाहेर जाऊन उगाच सायकल पुसत बसलो.

*

दुसरी मोटर टेबल पुढे-मागे करायला लावली. एकदा सलीमभाईंचा बसल्याबसल्या डोळा लागला, टेबल टोकाला जाऊन अडलं आणि मोटर जळाली. वासनिकने टोकाला पोचताच बंद पाडणारा स्विच बसवला.

"असा एक मलेबी बसवून दे," सलीमभाई म्हणाले. "कुठी थांबाचं, माणसाले समजत नाई."

दुसरा झटका आला तेव्हा ते शेडमध्ये एकटेच होते. आम्ही पोचलो तर टेबल टोकाला जाऊन आपोआप थांबलेलं.

*

पुढं नागभीडचा एक गिरणीवाला मशीन घ्यायला आला. "मशीन चांगली हाय, बाई. हे वायपरचं जुगाड तेवढं काढून फेकतो."

भाभींनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हणाल्या, "मशीन विकाची नाई, भाऊ."

*

पण वासनिकला आजही पुरा सांगता येत नाही तो किस्सा सलीमभाई असतानाचा. टेबल वर-खाली करायचं हँडल सगळ्यात जड, एका हातानं फिरत नसे. सलीमभाई हाक मारायचे, "शमीम!" भाभी कणकेचे हात पुसत यायच्या आणि दोन्ही हातांनी हँडल फिरवायच्या. हे शेजारी उभे राहून म्हणायचे, "जरासं अजून... बस."

वासनिक त्यासाठी मोठी मोटर शोधून घेऊन आला. सलीमभाईंनी ती बघितली आणि त्याच्या पिशवीत परत ठेवली.

"याले राहू दे."

"काऊन? भाभीले किती तरास होते!"

सलीमभाईंनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला.

"मंग शमीम इथी कायले येईन?"