तिच्या पोटाचं माप

आम्ही नवरा-बायकोने मिळून शेवटचं काम केलं ते तिच्या पोटाचं माप घ्यायचं. सकाळी, चहाच्या आधी. रोजचंच होतं. तिचं लिव्हर बिघडलेलं, पोटात पाणी भरायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं, रोज एकाच वेळी, बेंबीवरून, कपडा बाजूला करून, श्वास सोडल्यावर टेप लावा. वाढलं की गोव्याला आणा, पाणी काढू.

दोनदा नेली होती. तिसऱ्यांदा जायचं तिच्या मनात नव्हतं. म्हणून टेप बघितली की ती पोट आत ओढून बसायची.

मी जन्मभर जाळी विणली. जाळ्याचं एक भोक सैल झालं तरी माझ्या बोटाला कळतं. मग हे कळणार नाही?

"श्वास सोड गो."

"सोडलंय."

"मगे तोंड लाल कित्याक झाला?"

जबरदस्ती करून उपयोग नव्हता. मी तिच्या भावाचा विषय काढायचो. आमच्या लग्नात तो नाचता नाचता शेणाच्या गायरीत, खताच्या खड्ड्यात पडला होता.

"तुझो भाव गायरीतसून वर इलो तेव्हा त्याचा धोतर खंय रवला?"

"जळला मेला तुमचा तोंड!" म्हणत ती हसायची. हसली की श्वास सुटायचा, आणि मी टेप जुळवायचो. कातडीला लागेल इतकीच, आवळून नाही. जिथे जुळेल तिथे टेपेवर दोऱ्याची गाठ मारून ठेवायचो.

त्या दिवशीही हसली. टेप कालच्या गाठीच्या दोन बोटं पुढे गेली. तिने बघितलं, आणि हसू गेलं.

"झिलाक सांगू नकात."

"सांगतलंय."

"माका थंय मराचा नाय."

"मराक नाय, पाणी काढूक व्हरतंय."

मी मुंबईला मुलाला फोन केला. तो निघाला. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची ठरली. मग दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. मी केलेली पेज भिंतीकडे तोंड करून खाल्ली. दिवेलागणीला रक्ताची उलटी झाली आणि गेली. घरातच गेली. तिच्या मनासारखं झालं. माझ्या नाही.

सकाळी गाडी आली, ती परत पाठवली. मुलगा पोचला होता. घरापुढच्या खळ्यात माणसं जमलेली. शेजारी तिरडीसाठी बांबू घेऊन कोयता उगारून उभा होता.

"अंदाजान तोडतंय. वैनी तशी बुटकीच."

"थांब रे," मी म्हटलं. "अंदाजान नको."

टेप खुंटीवरच होती. टाचेकडचं टोक मुलाने धरलं, डोक्याकडचं मी. कालची गाठ तिच्या मांडीवर आली. श्वास सोड गो, असं ओठांवर आलं होतं. ते गिळलं, आणि शेजाऱ्याला आकडा सांगितला.